डाव्या हाताची करंगळी

परवा हॉस्पिटलात नर्सच्या रात्रपाळीला असताना रामबागेतल्या एक काकू आल्या. पुतण्याचं लग्न नुकतंच झालेलं, दोन्ही हात मेंदीने भरलेले. चार दिवस लघवीला जळजळ, त्यात साखर. घरच्यांना वाटलं, धावपळीचा थकवा. जवळच्या दवाखान्यात एक बाटली चढवली आणि घरी पाठवलं. (या 'एका बाटली'वर इंदूरचा जेवढा विश्वास, तेवढा पोह्यांवरही नसेल.)

आमच्याकडे आल्या तेव्हा बीपी 78/40. आधी ब्लड कल्चर (जंतू शोधायला रक्त), लगेच अँटिबायोटिक. वजन साठ किलो, म्हणजे किलोमागे 30 मिलीच्या हिशोबाने पहिल्या तीन तासांत 1800 मिली रिंगर लॅक्टेट, म्हणजे सलाईनसारखंच पाणी. सेंट्रल लाइनची (मोठ्या शिरेतल्या नळीची) वाट न बघता हाताच्या शिरेतूनच नॉरअ‍ॅड, बीपी चढवायचं औषध, सुरू.

मुलगा दारातून म्हणाला, "ताई, आई वीस वर्षं बीपी उतरवायची गोळी घेतेय, आणि तुम्ही चढवताय?"

मी म्हटलं, "परकराची नाडी सैल झालीय असं समजा. लघवीतल्या जंतूंच्या विषाने रक्तवाहिन्या ढिल्या पडल्यात. हे औषध नाडी आवळून धरतं, बस. जंतू मारायचं काम अँटिबायोटिकचं."

आवळून धरणं म्हणजे किती, ते सिरिंज बदलताना कळतं. नॉरअ‍ॅडचा असर मिनिटा-दोन मिनिटांत उतरतो. म्हणून जुनी सिरिंज संपायच्या आतच दुसऱ्या पंपावर नवी भरून, चालू करून ठेवते, आणि मगच जुनी काढते. नवीन मुलींना हे मी पहिल्याच आठवड्यात शिकवते, थोडं ओरडूनच.

एकच्या सुमारास मॉनिटरवर सरासरी दाब 66 आला. आमचं लक्ष्य 65. मुलाचा जीव भांड्यात पडला. माझा नाही. मेंदीने नखं लाल, पण डाव्या करंगळीचं नख मेंदीतून सुटलं होतं. ते दहा सेकंद दाबून धरलं आणि सोडलं. रंग परत यायला सहा सेकंद! तीनच्या आत यायला हवा. गुडघ्यांवर जांभळी जाळी. रक्तातलं लॅक्टेट (पेशींना रक्त कमी पडलं की वाढतं ते) पाचच्या वर. मोठ्या नळांना पाणी आलंय, पण गल्लीतल्या तोट्या कोरड्या.

डॉक्टरांना उठवलं. त्यांनी पाय वर उचलून बघितलं (पायांतलं रक्त हृदयाकडे येतं, जणू पाणी दिल्यासारखं), दाब फारसा हलला नाही, म्हणजे आणखी पाणी ओतून उपयोग नव्हता. मग नाडी आवळणारं दुसरं औषध, व्हेसोप्रेसिन जोडलं, मिनिटाला 0.03 युनिट. सोनोग्राफीत मूत्रनलिकेत अडकलेला खडा आणि वर फुगलेली किडनी. तीन वाजता स्टेंट, म्हणजे बारीक नळी, टाकून ती मोकळी केली. पू निघाला.

नखाचा हा प्रकार काही आजीबाईचा बटवा नाही. 2019 च्या अँड्रोमेडा-शॉक अभ्यासात लॅक्टेटच्या तोडीस तोड म्हणून तपासला होता. नख बघून उपचार केलेल्यांत मृत्यू कमी दिसले, पण फरक इतका नव्हता की छातीठोक सांगावं. तरी माझ्यासाठी तो पुरे. लॅक्टेटचा रिपोर्ट यायला वेळ लागतो, करंगळी हाताशीच असते.

पाच वाजता चार सेकंद. सहाला अडीच. लघवीच्या पिशवीत तासाभराचे 40 मिली, गढूळ, पण 40. नॉरअ‍ॅड थोडं खाली आणलं.

साडेसातला मुलगा परत आला. हातात थर्मास, आणि रुमालात गुंडाळलेली बीपीची गोळी.

"ही सकाळची चुकवायची नाही म्हणते आई."

"आज चुकवा," मी म्हटलं.