पाठलाग तिकटीवर ठरतो

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी आमच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या, म्हणजे पात्रं घेऊन फाशांवर गोष्ट रंगवायच्या, खेळात एका चोरानं देवळातली चांदीची मूर्ती पोत्यात घालून पळवली. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या माडीवर चुलतभाऊ, दाजी, वहिनी आणि डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणून मी. बाहेर पाऊस कोसळत होता. हा प्रसंग मी महिनाभर राखून ठेवला होता. दहा मिनिटांत संपला.

चूक माझीच होती. मी चौकटींचा नकाशा मांडला आणि फूट मोजायला लागलो. चोराची चाल राऊंडला, म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी होईस्तोवर, ३० फूट; दाजींचं पात्र रेंजर, रानातला तिरंदाज, त्याचीही तेवढीच. डॅश केला, म्हणजे पाळी नुसती पळण्यात घातली, की दोघंही ६०. मधलं अंतर ४० फूट, ते हललंच नाही. वहिनींची क्लेरिक, म्हणजे पुजारीण, ड्वार्फ या बुटक्या जमातीची आहे, चाल २५ फूट, म्हणजे डॅश करूनही ती दर राऊंडला दहा फूट मागं. आणि चुलतभावाच्या रोगला, म्हणजे चपळ भामट्याला, कनिंग अ‍ॅक्शन, बोनसमध्ये आणखी एक डॅश, एका राऊंडात ९० फूट. दुसऱ्या राऊंडला त्यानं चोराची मानगूट धरली. कुणाला धाप लागली नाही, कुठं वळण आलं नाही. वहिनी म्हणाल्या, "भावजी, मी नुसती बेरीज करत बसले हो." ते मला फार लागलं.

२०१४ च्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये, म्हणजे डीएमच्या नियमपुस्तकात, पाठलागाचे वेगळे नियम आहेत, ते मी त्या रात्री नीट वाचले. तीन अधिक कॉन्स्टिट्यूशनचा, म्हणजे अंगातल्या दमाचा, मॉडिफायर (फाशात मिळवायचा आकडा), इतके डॅश फुकट. पुढच्या प्रत्येक डॅशला डीसी १० चा कॉन्स्टिट्यूशन चेक, म्हणजे फासा अधिक मॉडिफायर दहा तरी व्हायला हवं, हुकला की एक्झॉशनची, थकव्याची, एक पायरी. शिवाय आपली पाळी संपताना वीसचा फासा टाकायचा, आणि त्यातून निघालेली अडचण पाळीत आपल्या पुढच्याच्या वाट्याला जाते. हे मला मनापासून आवडलं. माणूस दमतो, हे त्यात आहे. पण रस्ता त्यात नव्हता. तो सापडला कॉल ऑफ क्थुलू या अशाच दुसऱ्या खेळाच्या सातव्या आवृत्तीत. तिथं फूट नाहीतच. एकापुढं एक ठिकाणांची साखळी, मध्ये धोके आणि अडसर. सगळ्यात हळू पळणाऱ्याला एक हालचाल, बाकीच्यांना वेगात जितका फरक तितक्या जादा.

मग एका संध्याकाळी वही घेऊन मी अंबाबाईच्या महाद्वारातून चालायला लागलो. ओटीची ताटं, गजरे, रस्त्यात मध्येच थांबून फोटो काढणारी माणसं. पापाच्या तिकटीला आलो आणि उभाच राहिलो. कोल्हापुरात जन्म गेला, मिरजकर तिकटी, पापाची तिकटी रोज तोंडात, पण या शब्दाकडं कधी बघितलं नव्हतं. तिकटी म्हणजे तीन वाटा. पळणारा इथं येतो तेव्हा त्याला निवडावं लागतं, आणि मागच्याला ओळखावं लागतं की त्यानं काय निवडलं. पाठलाग पायात नसतो, तो इथं असतो. पुढं गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर म्हशी उभ्या होत्या, धारा चालू होत्या, पेले घेऊन लोक थांबलेले. भरधाव माणूस तिथं आला तर काय करेल? वहीत पहिली नोंद तीच केली. तिथनं पंचगंगेचा घाट.

आता आम्ही असं खेळतो. पळणारा आणि मागचे यांच्यात तीन चिंचोके ठेवायचे. चिंचोके संपले की हातात, सहा झाले की नजरेआड. दर तिकटीला पळणारा कुठं वळला ते मी चिठ्ठीवर लिहून पालथं ठेवतो आणि एक खूण सांगतो: भुंकणारं कुत्रं, सांडलेला गूळ, अजून हलणारा पडदा. वाटाही सारख्या नसतात. एक गर्दीची, एक लांबची पण मोकळी, एक कुणाच्या तरी परसातनं. कशी पार करणार ते खेळाडूनं सांगायचं, मग फासा. जमलं तर एक चिंचोका कमी, हुकलं तर एक जास्त. दाजींना धनुष्याचा भारी सोस. बाण मारा, पण थांबलात म्हणून एक चिंचोका वाढला. धापेचा नियम मी तसाच ठेवलाय, तो काढू नये.

नव्या पद्धतीनं पहिल्यांदा खेळलो तेव्हा तोच चोर कोठडीतनं सुटला होता, तीच मूर्ती पुन्हा पोत्यात. चुलतभाऊ कौलांवरून, दाजी गल्लीतनं. दुसऱ्या तिकटीला वहिनींनी फासा हातात घेतला आणि परत खाली ठेवला. "मी त्याच्या मागं पळतच नाही. एवढं जड पोतं घेऊन हा कुठं जाणार? नदीपलीकडंच. मी सरळ घाटावर जाते." मी फक्त इनसाइटचा, म्हणजे समोरच्याचं मन ओळखण्याचा, चेक घेतला. चौदा पडले. चोर म्हशींच्या मधून वाट काढत, दाजींना चार चिंचोके मागं टाकून घाटावर पोचला, तेव्हा नावेच्या दोरावर पाय ठेवून ती बुटकी क्लेरिक कंदील घेऊन उभी होती. चाल २५ फूट. चुलतभाऊ टेबलावर हात आपटून ओरडला, "वहिनी, नाद खुळा!" खालून आईनं विचारलं, काय झालं रे.

चोर निसटला असता तर काय, हेही मी आधी लिहून ठेवलं होतं: पलीकडच्या काठावर मूर्तीचं गिऱ्हाईक कोण, किती दिवसांत सौदा. हे लिहिलेलं नसलं की डीएमचा हात थरथरतो, आणि चोराला कसंही करून पकडून देण्याकडं मन ओढतं. खेळाडूंना ते लगेच कळतं.

या रविवारी उलटं आहे. मूर्ती खेळाडूंकडं, मागं चोराची माणसं, आणि तिकटीवरची चिठ्ठी आता खेळाडूच लिहिणार. वहिनींचा काल फोन आला होता. पळापळ संध्याकाळची आहे का, म्हणजे म्हशी कट्ट्यावर असतील का, एवढंच विचारलं आणि ठेवला.