वाड्याच्या भिंती आणि बिनतारी बटणं

मोबाइलवरून दिवे लावणं आईला कधीच पटलं नाही. "दिवा लावायला आधी चष्मा शोधू, मग फोन शोधू, तोवर झोप उडते माझी," हे तिचं म्हणणं, आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती. स्मार्ट स्विच बसवावेत तर घर जुन्या नाशकातलं. अशा बहुतेक स्विचना लागणारी न्यूट्रल वायर बोर्डात आलेलीच नाही. वायरमनने भिंती खोदायचा खर्च सांगितला आणि तो विषय तिथेच संपला. राहिली झिगबीची, म्हणजे वायफायसारख्याच पण कमी वीज खाणाऱ्या रेडिओवर चालणारी, बिनतारी बटणं. आत सीआर २०३२ चा चपटा सेल, मागे डबल टेप, चिकटवली की झालं.

होम असिस्टंट, म्हणजे घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर, रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर आधीपासून चालू होतं. त्याला झिगबीचे संदेश पकडणारा यूएसबी डोंगल जोडला आणि ते संदेश होम असिस्टंटपर्यंत पोचवणारं झिगबी२एमक्यूटीटी टाकलं. डोंगल थेट पायच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या, पोर्टमध्ये खुपसू नका. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास असतो आणि झिगबीही तिथेच बोलतं. साध्या एक्स्टेन्शन केबलने डोंगल हातभर लांब नेला की निम्मं दुखणं जातं. चॅनलचंही (कोणत्या पट्टीत बोलायचं त्याचंही) तसंच. झिगबीचा ११ नंबर वायफायच्या १ नंबरवर येऊन बसतो. गल्लीत घरटी एक राउटर, म्हणून मी २५ घेतला. हे बटणं जोडायच्या आधीच ठरवावं. नंतर चॅनल बदलला तर सेलवरची उपकरणं अनेकदा पुन्हा जोडत बसावी लागतात.

जोडणी तशी सोपी. झिगबी२एमक्यूटीटीत 'परमिट जॉइन' (नवं उपकरण आत घ्यायची परवानगी) चालू करायचं, बटणाच्या कडेचं बारीक भोक पिनेने दाबून धरायचं, दिवा लुकलुकला की सोडायचं. मग स्क्रीनवर ०एक्सने सुरू होणारा लांबलचक पत्ता उमटतो आणि 'इंटरव्ह्यू', म्हणजे उपकरणाची ओळख-तपासणी, सुरू होतो. खरी गंमत इथे आहे. सेल वाचवायला बटण लगेच झोपी जातं आणि इंटरव्ह्यू अर्धवट राहतो. तो पुरा होईपर्यंत अधूनमधून बटण दाबत राहायचं, पेंगणाऱ्या पोराला घास भरवताना हलवतात तसं. आणि हे सगळं डोंगलजवळ नाही, बटण जिथे लावायचं तिथेच बसून केलेलं बरं.

माजघरात आईच्या पलंगाशी मात्र बटण दाबलं तरी काही होईना. मध्ये दगडविटांची जाड भिंत. सेलवरचं उपकरण दुसऱ्याचा निरोप पुढे नेत नाही. ते काम सतत विजेवर असलेल्या उपकरणांचं. स्मार्ट बल्ब ते करतात, पण आमच्याकडे झोपताना भिंतीवरचा खटका बंद करायची सवय आहे, आणि खटका बंद झाला की बल्ब गेला आणि त्याच्यामागचा रस्ताही. म्हणून इन्व्हर्टरच्या लाइनवरच्या सॉकेटमध्ये एक झिगबी प्लग कायमचा लावून ठेवला. दिवे गेले तरी तो जागा असतो. कुणी बंद करू नये म्हणून दिव्यांच्या खटक्यांवर चिकटपट्ट्या मारल्या. दिसायला वाईट दिसतं, पण चालतं.

ऑटोमेशन, म्हणजे कोणतं बटण दाबल्यावर काय व्हावं ते, लिहिताना जुने व्हिडिओ बघून कंटाळा आला. त्यांत सगळे बटण कसं दाबलं ते सांगणाऱ्या 'अॅक्शन' नावाच्या सेन्सरवर काम करतात आणि झिगबी२एमक्यूटीटीच्या २.० आवृत्तीपासून तो मुळातच बंद असतो. ट्रिगरमध्ये (कशाने सुरू व्हायचं ते सांगतो तिथे) सरळ 'डिव्हाइस' निवडून बटणाचं सिंगल, डबल, होल्ड घ्यायचं. एकदा दाबलं की पॅसेजचा दिवा, धरून ठेवलं की सगळं बंद. डबल आईने नकोच म्हटलं. हे सगळं घरातल्या घरात चालतं, इंटरनेट गेलं तरी अडत नाही.

मोरीजवळचं बटण पाण्याच्या मोटरचं. मोटर सुरू होताना बराच करंट खेचते, म्हणून ती प्लगवर न ठेवता वायरमनकडून कॉन्टॅक्टर (जास्त करंट पेलणारा, विजेने चालणारा खटका) बसवून घेतला. प्लग फक्त त्या कॉन्टॅक्टरला चालवतो. बंद करायचं कुणी विसरलं तरी वीस मिनिटांनी मोटर आपोआप थांबते. गच्चीवरून टाकी वाहायची बंद झाल्यापासून शेजारच्या काकूंनीही बटणाची चौकशी केली आहे.