तुम्ही विचारलेत म्हणून

‘आता पुरे करा की, या वयात कशाला उकिडवे बसायचे?’ हा प्रश्न मला पुण्याहून येणाऱ्या फोनवर, मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात जेवणाच्या रांगेत आणि रविवारी सकाळी घरात मोजे शोधत असताना विचारला जातो. मी ५८ वर्षांचा आहे, न्यू जर्सीत हौशी प्रौढांच्या लीगमध्ये बेसबॉल खेळतो आणि कॅचर आहे, म्हणजे बॅटरच्या मागे उकिडवा बसून पिचरने टाकलेले चेंडू घेतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. उजव्या गुडघ्यातली गादी फाटली आहे, हेही ठाऊक आहे, कारण त्या एमआरआयची बातमी माझ्याआधी पुण्याला पोहोचली होती.

आजवर मी उत्तरादाखल कार्लटन फिस्कचे नाव पुढे करत आलो. १९९३ साली, वयाच्या ४५व्या वर्षी, तो मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, कॅचर होता आणि २,२२६ सामन्यांत ती जागा सांभाळण्याचा विक्रम त्याने त्याच वर्षी केला. विक्रमानंतर आठवड्याच्या आत संघाने त्याला मोकळे केले, एवढा भाग मी गाळत असे. शिवाय तो त्याचा पेशा होता. मी खेळलो नाही तर कोणाचे काही अडत नाही, उलट लीगची फी वाचते. तरीही मी बसतो, कारण पिचरने कोणता चेंडू टाकायचा, हे जवळजवळ प्रत्येक वेळी आधी माझ्या बोटांच्या खुणेने ठरते. नोकरीत गेली कित्येक वर्षे माझे मत कोणी विचारलेले नाही.

माझा अंगठा मोडला, त्याचे मात्र मी तुम्हाला खोटे सांगितले. बॅटला चाटून आलेला चेंडू लागला, नशीब वाईट, असे म्हणालो. तसे झाले नव्हते.

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. पुण्यात मी यष्टिरक्षक होतो, म्हणजे दोन्ही हातांत ग्लोव्ह्ज आणि चेंडू दोन्ही हातांनी घ्यायची सवय. कॅचरच्या फक्त डाव्या हातात मिट, म्हणजे जाड गादीचा ग्लोव्ह, असते. उजवा हात उघडा असतो आणि तो अंगठा मुठीत दाबून मिटच्या मागे लपवायचा असतो. चेंडू पुढ्यात टप्पा पडून आला तर तो झेलायचा नसतोच. दोन्ही गुडघे एकदम जमिनीवर टाकायचे, मांड्यांमधली फट मिटने बुजवायची, हनुवटी छातीला लावायची आणि चेंडू अंगावर घेऊन पुढ्यातच पाडायचा. त्या दिवशी तिसऱ्या बेसवर धावपटू असताना, म्हणजे चेंडू मागे निसटला तर धाव जाणार अशा वेळी, आमच्या पिचरचा कर्व्हबॉल, म्हणजे वळत खाली पडणारा चेंडू, बॅटरपुढच्या प्लेटच्या अलीकडे मातीत पडला. माझा डावा गुडघा खाली गेला, उजवा गेला नाही. मग तीस वर्षांपूर्वीचे दोन्ही हात आपोआप पुढे आले आणि चेंडू उजव्या अंगठ्याच्या टोकावर आदळला. नख उभे राहिले, आणि हाड मोडल्याचे संध्याकाळी कळले. पंचांनी विचारले तेव्हा मुखवट्याआडून ‘ठीक आहे’ म्हणालो, चिकटपट्टी गुंडाळली आणि आणखी दोन इनिंग, म्हणजे बेसबॉलचे छोटे डाव, बसलो.

त्या दोन इनिंगमध्ये दुसऱ्या बेसकडे फेकलेला माझा चेंडू भलतीकडे गेला, हे सर्वांनी पाहिले. कोणी न पाहिलेली गोष्ट अशी, की मी कर्व्हबॉलची खूण केली आणि पिचरने मान हलवून नाही म्हटले. पुन्हा केली, पुन्हा नाही म्हटले. तो मुलगा २६ वर्षांचा आहे, खाली पडणारा कर्व्हबॉल हे त्याचे एकमेव हत्यार आहे, आणि मी तो अडवीन असा भरवसा न उरल्याने त्याने सरळ, कमरेच्या उंचीचे चेंडू टाकले आणि मार खाल्ला. सामन्यानंतर माझी बॅग त्याने न विचारता गाडीत नेऊन ठेवली, आणि त्याचा मला अजून राग आहे.

विशीत मी आमच्या क्लबच्या चाळिशीतल्या यष्टिरक्षकाविषयी कर्णधाराचे कान भरले होते, की हे खाली वाकत नाहीत आणि जागाही सोडत नाहीत. ती जागा मला मिळाली. तो विशीतला मी आज समोर आला तर माझ्याविरुद्ध हेच बोलेल आणि त्याचे बरोबर असेल. फक्त तेव्हा त्याचे गुडघे चांगले होते, एवढे मी त्याला ऐकवीन. पहिल्या बेसवर उभे राहा, तिथे उकिडवे बसावे लागत नाही, असे आमच्या कर्णधाराने दोनदा सुचवले. मी नाही म्हटले. मला कारण देता आले नाही, आणि तुम्हालाही देता येणार नाही.

फेब्रुवारीपासून मी गॅरेजमध्ये भिंतीवर चेंडू मारून दोन्ही गुडघे टाकण्याचा सराव करतो. उजवा अजून उशिरा पोहोचतो. परवा पिचरने फोन करून विचारले, किती निसटतात? दहांपैकी चार निसटत होते. मी त्याला दोन सांगितले.