सर्व्हर मोकळा, तरी पान उघडेना

बाजारसमित्यांचे भाव दाखवणारी एक साइट आमच्याकडे आहे. लातूर, नांदेडकडून तक्रारी सुरू होत्या की पान उघडतच नाही, आणि आमच्या मीटिंगमध्ये एकच धोशा, सर्व्हर मोठा करा. अरे पण सर्व्हरचा सीपीयू निवांत बसलाय, मोठा करून करणार काय? पुण्यात ऑफिसच्या फायबरवर साइट बरी चालते म्हणून कुणी मोबाईलवर बघतच नाही, याचा मला खरंच संताप येतो.

शेवटी मी फोन लॅपटॉपला जोडला आणि ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडला, प्रत्येक रिक्वेस्टला किती वेळ लागतो ते दाखवणारा. भाव, बाजारसमिती, हवामान, लॉगिन, सगळ्या सर्व्हिसेस, म्हणजे स्वतंत्र चालणारे छोटे प्रोग्राम, वेगवेगळ्या सबडोमेनवर (साइटच्या पत्त्याखालच्या पोटपत्त्यांवर), आणि सर्व्हर अमेरिकेत व्हर्जिनियाला. इथून तिथे जाऊन परत यायला चांगल्या लाइनवरही साधारण 200 मिलीसेकंद, आणि फायबरमधल्या प्रकाशाचा वेग कुठल्याच बजेटने वाढत नाही. आता मोजा: टीसीपी, म्हणजे मूळ कनेक्शन, जोडायला एक फेरी, टीएलएस 1.2 ला, म्हणजे ते सुरक्षित करायला, दोन, मग ब्राउझर आधी ऑप्शन्स नावाची रिक्वेस्ट पाठवून परवानगी विचारतो कारण डोमेन वेगळं आणि सोबत टोकनचा (लॉगिनच्या ओळखचिठ्ठीचा) हेडर, ती एक, आणि मग कुठे खरी रिक्वेस्ट. पाच फेऱ्या, म्हणजे एक सेकंद, तोही डीएनएस, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणं, न धरता आणि प्रत्येक सबडोमेनसाठी. त्यात हवामानाला जिल्हा लागतो, जिल्हा येतो लॉगिनकडून, म्हणजे एकामागे एक थांबणं. आतमध्येही तेच, भाव सर्व्हिस प्रत्येक ओळीसाठी समितीचं नाव वेगळं विचारत होती. वाण्याकडे मीठ, साखर, तेल यांसाठी वेगवेगळ्या खेपा घातल्यासारखं.

सगळं मुंबईला हलवा म्हटलं तर मंजुरीलाच महिने. म्हणून मुंबईत एक गेटवे, म्हणजे रिक्वेस्ट घेऊन पुढे पाठवणारा मधला सर्व्हर, टाकला, साइटच्याच डोमेनवर. मोबाईलचं कनेक्शन मुंबईतच संपतं, तेही टीएलएस 1.3 वर म्हणजे हँडशेकची (कनेक्शन सुरक्षित करण्याच्या देवाणघेवाणीची) एक फेरी कमी, आणि पुढे व्हर्जिनियापर्यंतची कनेक्शन्स कायम उघडी ठेवलेली. डोमेन एकच झालं, ऑप्शन्सची फेरी गेली. एका पानाला एकच कॉल, बाकीची जुळवाजुळव व्हर्जिनियातच सर्व्हिसेसच्या शेजारी, आणि समित्यांची नावं सगळे आयडी एकदम देऊन. त्याच फोनवर पान उघडलं तेव्हा भाव लगेच आले, पांढरी स्क्रीन नाही, आणि हे काम माझ्या हातून झालं याचा अभिमान आहे.

पण डोक्यातून जात नाही ते वेगळंच. या सर्व्हिसेस तोडल्या कशा, तर टीमनुसार. भाव आणि समिती एकमेकांशिवाय कधीच लागत नाहीत, तरी दोन टीम म्हणून दोन सर्व्हिसेस. शेतकऱ्याला एका नजरेत काय हवंय ते कुणी धरलंच नाही. आता ती सगळी जोडणी त्या जुळवणीच्या थरात येऊन बसलीय, कुठलीही सर्व्हिस बदलली की तोही बदलायचा, आणि तो कुठल्या टीमचा हे अजून कुणी सांगत नाहीये. भाव आणि समिती एक करा असं मी लेखी मागितलंय, उत्तर यायचंय.