आतेच्या गालावरचा त्रिकोण

मे महिन्यापासून कॅमेरा घेऊन एकाच त्रिकोणाच्या मागे आहे. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या व्यक्तिचित्रांवरून ज्याला नाव पडलं तो: सावलीतल्या गालावर, डोळ्याच्या खाली पडणारा उजेडाचा तुकडा. नाकाची सावली गालाच्या सावलीला भिडली की तो तयार होतो. रुंदी डोळ्याएवढी, लांबी नाकाएवढी. त्याहून मोठा झाला की मजा गेली. वाचायला सोपं आहे. मालवणजवळच्या आमच्या घरात तो उमटायला ऑगस्ट उजाडला.

मॉडेल म्हणजे आते. कीर्तनाला तासन् तास मांडी न मोडता बसणारी, त्यामुळे हलण्याची भीती नाही. भीती तिच्या तोंडाची. "काळोखात कित्याक बसवलंस रे माका?" हे रोजचं.

पहिला घोळ खिडकीचा. चित्रकार उत्तरेची खिडकी पसंत करतात, कारण तिच्यातून थेट ऊन येत नाही. मीही माजघरातली तीच धरली. पण हा नियम हॉलंडसारख्या देशांचा. आपण १६ अंश अक्षांशावर; मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारीही सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि सकाळी तर तिरीप सरळ आत. आतेच्या नाकावर गजांच्या सावल्या! जूनमध्ये आभाळ भरलं तेव्हा कुठे उजेड मऊ झाला.

तरी त्रिकोण नाहीच. उजेड डोळ्यांच्या पातळीवरून येत होता, म्हणून नाकाची सावली आडवी पडायची. तो बाजूने आणि वरून, साधारण ४५ अंशांतून यायला हवा. आमच्या जुन्या खिडकीला चार झडपा आहेत. खालच्या दोन लावल्या, आतेला खुर्चीवरून पाटावर आणलं, आणि सावली ओठांकडे उतरली.

आता सावली होती, पण राखाडी, पाणी घातल्यासारखी. चार दिवस कॅमेऱ्याला दोष दिला. दोषी निघाली पलीकडची चुन्याची पांढरी भिंत. खिडकीचा उजेड तिच्यावर आपटून परत आतेच्या गालावर येत होता. दोन खुर्च्यांवर काळी घोंगडी टाकून ती सावलीच्या बाजूला हातभर अंतरावर उभी केली. काय फरक पडला! तीन महिने मी उजेड कुठून आणू याच विचारात होतो. काम झालं तो अडवल्यावर. इटालियन चित्रकार कॅराव्हॅजिओच्या चित्रांतला काळोख एवढा दाट का वाटतो, ते घोंगडीने शिकवलं म्हणायचं.

मागे काळा पडदा मात्र लागला नाही. चेहरा खिडकीपासून १ मीटर, मागची भिंत ३ मीटर. लहान खिडकीचा उजेड साधारण अंतराच्या वर्गाने घटतो, म्हणजे भिंतीवर जेमतेम नववा हिस्सा. मीटरिंग, म्हणजे कॅमेऱ्याने उजेड मोजणं, फक्त उजेडातल्या गालावर, स्पॉटने (तेवढ्याच ठिपक्यापुरतं). कॅमेऱ्यावर सोडलं तर तो काळोख उजळायला जातो आणि गाल पांढराफटक करतो.

आता दिवा. सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेल्या चित्रकार सा. ल. हळदणकरांचं ते चित्र बहुतेकांनी पाहिलेलं असतं: हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड. मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. ते राजा रवि वर्म्याचं म्हणून सर्रास खपवलं जातं, याचा मला दर वेळी राग येतो. आणि आहे ते जलरंगात! जलरंगात एकदा झाकोळलेला कागद पुन्हा उजळवणं किती अवघड, हे हात घातलेल्यांना ठाऊक आहे.

मी निरांजन घेतलं. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदना) ३२००, भिंगाचं तोंड एफ १.८ एवढं उघडं, शटर १/३० सेकंद, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) २५०० केल्व्हिनच्या आसपास, दिव्याच्या पिवळ्या उजेडासाठी. डेलाइटवर, म्हणजे दिवसाच्या उजेडासाठीच्या सेटिंगवर, ठेवला तर सगळं नारिंगी. बोटं छान पेटली. चेहरा फसला, कारण दिवा हनुवटीखाली होता आणि भुवयांच्या सावल्या कपाळावर चढल्या. स्क्रीन बघून आते म्हणाली, "माजो संकासूर केलंस!" दशावतारी नाटकातला हा राक्षस पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

पुढच्या खेपेला दिवा छातीपासून पुढे, हात लांब करून धरायचा, म्हणजे उजेड समोरून येईल. आते तयार आहे. फक्त पाटावर बसणार नाही म्हणते, गुडघे दुखतात. म्हणजे खिडकीसमोर बसवलं तर झडपांचं गणित पुन्हा पहिल्यापासून.