खिडकीतून थिरथिरा

हिवाळ्यात सोलापुरात थिरथिरा हा छोटा पक्षी येतो. शेपटी सतत थरथरवतो, म्हणून फोटो काढताना शटरचा वेग किमान १/१००० सेकंद ठेवा. नर काळपट, पोट तांबूस. या काळपट पक्ष्याने फ्रेम भरली की कॅमेरा फोटो जास्त उजळवतो आणि तो सुंदर तांबूस रंग उडतो. एक्सपोजर (फोटोचा उजळपणा) २/३ स्टॉप, म्हणजे उजेडाच्या एका पायरीचा दोन-तृतीयांश, कमी करा.

खोलीतले दिवे बंद, काच दोन्हीकडून पुसलेली. रबरी हूड (लेन्सच्या तोंडावरचं कडं) काचेला सरळ टेकवा. लेन्स तिरकी धरली तर फोटो मऊ, म्हणजे अस्पष्ट पडतो. डासांची जाळी सरकवाच, फोकस तिच्यावर अडकतो.

३०० मिमी लेन्ससाठी खिडकीपासून ३ मीटरवर वाळकी फांदी रोवा, शेजारी मातीचं परळ, पाणी दोन बोटं. ज्वारी टाकलीत तर चिमण्या येतील. थिरथिऱ्याला मात्र किडे लागतात, तेव्हा अंगणातला पालापाचोळा झाडू नका.