ताई, मग तुम्ही खूश का दिसत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते. पुण्यात सार्वजनिक वाहतुकीवर कुठेही बोलायला गेले की शेवटी कुणीतरी हमखास विचारतं, "ताई, तुम्हाला हवं होतं ते सगळं आता जाहीरनाम्यात आलंय. वंदे भारत, बुलेट ट्रेन, मेट्रो, विजेच्या बस. मग तुम्ही खूश का दिसत नाही?" रोख असतो तो भाजपने 14 एप्रिल 2024 ला जाहीर केलेल्या संकल्पपत्राकडे. वंदे भारतचे स्लीपर, चेअरकार आणि मेट्रो असे तीन प्रकार, शिवाय उत्तर, दक्षिण आणि पूर्व भारतात एकेक बुलेट ट्रेन, अशी वचनं तेव्हा दिली गेली. हीच वचनं दुसऱ्या पक्षाने दिली असती तरी माझं उत्तर बदललं नसतं. रेल्वेच्या बाबतीत मी खूश आहे, बसच्या बाबतीत नाही.

रेल्वेचं आधी सांगते, कारण तिथलं काम खरोखर मोठं आहे. ब्रॉडगेजचं जवळजवळ सगळं जाळं आता विजेवर आलंय. आपल्याला त्याचं अप्रूप कमी, कारण पुण्यापर्यंत विजेची तार 1929 मध्येच आली आणि 1 जून 1930 ला डेक्कन क्वीन सुरू झाली ती विजेच्या इंजिनावरच. पण त्याचा खरा फायदा बघायचा तर बोरघाटात बघा. दर 37 फुटांना एक फूट चढ. कर्जतला मागून ढकलायला जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लावावी लागतात, तेव्हा कुठे गाडी लोणावळा गाठते. उलट घाट उतरताना आताची नवी इंजिनं ब्रेक लावता लावता वीज तयार करतात आणि वरच्या तारेत परत सोडतात. ती त्याच वेळी चढणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या उपयोगी पडते. शेजारच्या रस्त्याने उतरणाऱ्या डिझेल ट्रकचे मात्र नुसते ब्रेक तापतात, हाती काही लागत नाही. म्हणूनच राष्ट्रीय रेल्वे योजनेतलं एक उद्दिष्ट मला बुलेट ट्रेनपेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं: 2030 पर्यंत देशातली 45 टक्के मालवाहतूक रेल्वेवर आणायची. त्याबद्दल प्रचारसभेत कुणी बोलत नाही, याचं मला वाईट वाटतं.

"पण वीज तर कोळशाचीच ना?" असंही काही जण विचारतात. हो, अजून बहुतांश कोळशाचीच. पण सौर आणि पवनऊर्जेचा वाटा वाढेल तशी तीच गाडी, त्याच रुळांवर, आपोआप स्वच्छ होत जाते. डिझेलचं तसं नाही.

आता शहरात येऊ. 6 मार्च 2022 ला वनाझ ते गरवारे कॉलेज अशी मेट्रो सुरू झाली, सप्टेंबर 2024 मध्ये दुसरी मार्गिका स्वारगेटपर्यंत आली. मेट्रो चांगली आहे, मीही तिने जाते. पण संध्याकाळी वनाझ स्टेशनच्या जिन्याखाली थोडा वेळ उभं राहून बघा. ज्यांना न्यायला घरचं कुणी दुचाकी घेऊन आलंय, ते दोन मिनिटांत निघून जातात. उरलेले भूगाव-पिरंगुटकडच्या बसची वाट बघत थांबतात. बायका पिशव्या खाली ठेवून चांदणी चौकाकडे नाही, तर बस जिकडून येणार तिकडे मान वळवून उभ्या. बस आली की ती आधीच भरलेली. अशा चार-दोन संध्याकाळी गेल्या की माणूस हप्त्यावर गाडी घेतो, आणि एकदा गाडी दारात आली की तो मेट्रोतही परत येत नाही.

डिझेलची बस काढून विजेची आणली की धूर जातो, ते हवंच आहे. पण दुचाकीवरचा माणूस बसमध्ये आला तर त्याहून मोठी बचत होते, आणि तो केवळ बस विजेची आहे म्हणून येणार नाही. बस वेळेवर येते असा भरवसा वाटला तरच येईल.

रस्त्यावर वाहनं नव्हेत, माणसं हलवायची, हे केंद्राच्या 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातच लिहिलंय. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये देशातला पहिला बीआरटी मार्ग, म्हणजे फक्त बससाठी राखलेली मार्गिका, पुण्यातच, कात्रज-स्वारगेट-हडपसर असा, सुरू झाला. बांधायला केंद्राचे पैसे होते. पुढची रोजची देखभाल, शिस्त, पुरेशा बस हे सगळं इथल्या इथे निभवायचं होतं, ते निभलं नाही. नगर रस्त्यावरची मार्गिका तर शेवटी उखडूनच टाकली.

पैशांचं गणित आजही तसंच आहे. उद्घाटन करता येईल अशा गोष्टींना दिल्लीहून निधी येतो. पीएमपीची, म्हणजे इथल्या शहर बससेवेची, रोजची तूट मात्र पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी भरायची. मग 1 जून 2025 पासून दिवसाचा पास 40 रुपयांवरून 70 वर जातो. ज्या माणसाला आपण बसमध्ये बोलावतोय, त्याच्याच खिशातून हरित वाहतुकीचे पैसे काढायचे, हे मला पटत नाही.

ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झालेली पीएम ई-बस सेवा योजना मला याच कारणासाठी आवडते. तिच्यात 10,000 बस आहेतच, पण बस धावेल त्या किलोमीटरमागे 10 वर्षं केंद्राचं साहाय्यही आहे. चालवण्याचा खर्च हाही देशाचाच खर्च, हे तिथे मान्य झालंय. पण पुणे-पिंपरीचा ताफाच दोन हजारांच्या घरात आहे आणि तो अपुरा पडतो. तिथे साऱ्या देशाला दहा हजार बस कितीशा पुरणार?

तेव्हा पुढच्या निवडणुकीत कुठल्याही पक्षाचा उमेदवार दारात आला तर मी त्याला नव्या मार्गाचा नकाशा मागणार नाही. आमच्या थांब्यावर रात्री नऊनंतर बस किती मिनिटांनी येईल आणि ती चालवायचे पैसे कुणाच्या अंदाजपत्रकातून येतील, एवढं विचारेन. तुम्हीही विचारा.